लाइट गेली की हात वर

या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त असतात. मी निवृत्त नाही. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गणिताचा एक पेपर अजून माझ्या मागे लागलेला आहे. संपादक सर आमच्या दुकानात दारावरची पाटी करून घ्यायला आले होते. पाटी होईपर्यंत त्यांना बराच वेळ बसावं लागलं. बसल्या बसल्या आमच्या गप्पा ऐकून ते म्हणाले, "हे सगळं लिहून दे." मी म्हटलं, सर, आमच्या घरात अर्जाशिवाय कुणी कधी काही लिहिलेलं नाही. सर म्हणाले, "मग फक्त अर्जासारखं लिहू नको." तरी कुठे तसं झालं तर सांभाळून घ्यावं, ही नम्र विनंती.

मी किन्हीराजाचा. सकाळच्या एसटीने वाशीमला येतो, दुपारपर्यंत कॉलेज करतो आणि मग परतीच्या गाडीपर्यंत जमीलभाईंच्या दुकानात काम करतो. भाई सुतार आहेत. पाट, चौरंग, देव्हारे, दारं आणि दारावरच्या पाट्या करतात. त्यांच्या हातच्या देव्हाऱ्यांसाठी कारंजा लाडहून माणसं येतात. त्यांच्या पुतण्याने हौसेने सुटे भाग मागवून एक लहान सीएनसी राउटर जोडला होता. मग त्याला पुण्याला नोकरी लागली. पुतण्या गेला, मशीन राहिलं. ते चालवायला भाईंना कॉम्प्युटर येणारा माणूस हवा होता. मी खरं ते सांगितलं, की मला कॉम्प्युटर फक्त कॉलेजचा फॉर्म भरण्यापुरता येतो.

"फॉर्म भरता येते ना?" भाई म्हणाले. "मंग हेबी भरून टाक."

त्या दिवसापासून भाई मला इंजिनिअर म्हणतात. मी बी.एस्सी.ला आहे, इंजिनिअर नाही, हे सांगून मी थकलो. घरी आई शेजारणींना सांगते की आमचा पोरगा मोबाईलवर लाकूड कापतो. तेही खरं नाही, पण तिला सांगणं मी सोडून दिलं आहे.

हे मशीन काय करतं ते आधी सांगतो. एक टेबल आहे. टेबलावर आडवा पूल आहे, पुलावर एक मोटर, आणि मोटरच्या तोंडात गरगर फिरणारं कोरायचं पातं. कॉम्प्युटर सांगेल तशी मोटर डावीकडे-उजवीकडे जाते, पुढे-मागे जाते आणि वर-खाली होते. पहिल्या दोन दिशा नक्षीचा आकार काढतात. तिसरी दिशा ती नक्षी लाकडात किती खोल उतरेल ते ठरवते. पुस्तकात तिसऱ्या दिशेला झेड म्हणतात. भाई तिला लिफ्ट म्हणतात. आणि अख्ख्या मशीनला ते नवाब म्हणतात, कारण ते सकाळी लवकर सुरू होत नाही, सावकाश काम करतं आणि जरा काही झालं की बसतं.

खोलीला आमच्या धंद्यात किती किंमत आहे ते मला एका माजी सरपंचांनी शिकवलं. ते पाटी करायला आले आणि म्हणाले, "नाव खोल घे. सरपंच त्याच्याहून खोल घे. अन् माजी जरासं वरवर."

"वरवर म्हणजे किती?" मी विचारलं.

"जवळून पाह्यलं त दिसलं पायजे. रस्त्यावरून नाही."

मी तसंच केलं. पुढे निवडणूक झाली आणि ते खरंच निवडून आले. पेढे घेऊन दुकानात आले, पाटी काखेत होती. भाईंनी पॉलिश पेपरचे चार हात मारले आणि 'माजी' निघून गेलं. "असा दूरचा विचार करनारा मानूस पायजे गावाले," भाई म्हणाले. ही त्यांची तारीफ होती की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

आता लिफ्टचं दुखणं सांगतो. मोटर एका उभ्या स्क्रूवर वर-खाली होत असे. त्या स्क्रूचे आटे फार तिरपे होते. पाण्याच्या बाटलीचं झाकण कसं जरा फिरवलं की निघतं, तसे. तिरप्या आट्यांचा फायदा म्हणजे मोटर भरभर सरकते. तोटा म्हणजे वीज गेली की तिला धरून ठेवणारं काही नसतं. ती आपल्याच वजनाने स्क्रू फिरवत खाली येते, घसरगुंडीवरून लेकरू यावं तशी, आणि पातं वीज गेल्यावरही जरा वेळ फिरत राहत असल्यामुळे खालच्या लाकडात भोक पाडून थांबते. आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल ते कुणी सांगू शकत नाही.

त्यावर भाईंचा इलाज होता. पंखा बंद पडल्याचा आवाज आला की जवळ जो कोणी असेल त्याने धावत जाऊन दोन्ही हातांनी मोटर वर धरायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. लाइट गेली की गप्पा अर्ध्यावर टाकून माणसं हात वर करून नवाबाकडे धावायची. एकदा पाटी न्यायला आलेले एक हवालदार मोटर धरून इतका वेळ उभे राहिले, की भाईंनी त्यांना तिथेच बशीने चहा पाजला. बाहेरून जाणाऱ्या माणसांना वाटलं, भाईंनी पोलिसाला हात वर करायला लावले.

हा स्क्रू बदलू या, असं मी भाईंना सारखा म्हणत असे. बारीक आट्यांचा स्क्रू बसवला की मोटर आपोआप घसरू शकत नाही. भाई म्हणायचे, "चालू हाय ना? मंग चालू दे."

दुसरी गोष्ट शून्याची. लाकडाचा पृष्ठभाग कुठे आहे ते मशीनला आपोआप कळत नाही. ते सांगावं लागतं. लाकडावर कागद ठेवायचा आणि पातं हळूहळू खाली आणायचं. कागद ओढताना जरा अडकला की थांबायचं आणि मशीनला सांगायचं, इथून कागदाची जाडी वजा कर, ते तुझं शून्य. बाकी जग यासाठी साधा कागद वापरतं. आमच्या दुकानात लग्नपत्रिका वापरत. सुताराला सगळेच बोलावतात, त्यामुळे भाईंचा एक खण पत्रिकांनी गच्च भरलेला होता. त्यातली एक जुनी, साधी, पातळ पत्रिका आमची ठरलेली होती. तिची जाडी मी प्रोग्रॅममध्ये भरून ठेवली होती. भाई तर मापच पत्रिकांमध्ये सांगत. "इंजिनिअर, दोन पत्रिका अजून खाली घे." त्या पत्रिकेतल्या जोडप्याची पोरं आता शाळेत जातात. त्यांच्या लग्नावर आमचं दुकान किती टेकून होतं, याची त्यांना कल्पना नसेल.

असं सगळं बरं चाललं असताना बबनकाका एक फळी घेऊन आले.

बबनकाकांचा वाशीमच्या बाहेर भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. त्यांची एकुलती एक मुलगी वर्षा. माल हर्रासीला म्हणजे लिलावाला नेणं, भाव पाडू पाहणाऱ्यांशी भांडणं, हे सगळं तीच करते. तिचं लग्न प्रफुल नावाच्या मुलाशी ठरलं होतं. काकांनी आणलेली फळी सागाची होती, त्यांच्या घरातल्या जुन्या बैलगाडीची. रुंद, जड आणि तेलाने काळी झालेली.

"यातून दोन पाट काढ, जमील," काका म्हणाले. "एक जावयाचा, एक पोरीचा. दोघायची नावं कोर. अन् दोन्ही पाट एकाच लाकडाचे पायजे, एकसारखे पायजे. पोरीचा तसूभर कमी नको."

"कमी कायले होईन, काका?"

"नाही होनार, पन सांगून ठेवतो. आमची गाडी मोडली आता. दुसरी फळी नाही माह्यापाशी."

पहिला पाट प्रफुलचा घेतला. नाव कोरून झालं होतं, कडेची वेल चालू होती. मी एका बाजूने भुसा ओढायची नळी धरून उभा होतो. दुसऱ्या बाजूला काका पिशवीभर वांगी घेऊन उभे राहून जावयाचं नाव बघत होते. पंखा थांबला. काका नवाबाच्या सगळ्यात जवळ होते, पण हातात पिशवी होती. त्यांनी वांगी फेकली आणि हात वर केले. मी टेबलाला वळसा घालून धावलो आणि पहिल्याच वांग्यावर पाय ठेवला. आम्ही दोघं नवाबापर्यंत पोचलो तेव्हा नवाब बसला होता. वेलीच्या डाव्या कोपऱ्यात एक गोल, स्वच्छ, खोल भोक पडलं होतं.

भाई नमाजहून आले तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो आणि काका वांगी गोळा करत होते. भाईंनी चष्मा लावून भोकाकडे बराच वेळ पाहिलं.

"मोर," ते म्हणाले.

"कुठं?" काका म्हणाले.

"हा त्याचा डोया. बाकीचा मोर मी काढून देतो."

आणि त्यांनी खरंच काढला. भोकाभोवती पेन्सिलीने मोर रेखाटला. जोडी पाहिजे म्हणून उजव्या कोपऱ्यात तसंच एक भोक मला मुद्दाम पाडायला लावलं, आणि दोन्ही मोर हाताने, पटाशीने कोरले. पाट आधीपेक्षा सुंदर दिसू लागला. काकांनी मोरांवरून हात फिरवला.

"आता पोरीच्या पाटालेबी मोर पायजे," ते म्हणाले. "पन पाय जमील, जावयाच्या पाटाले भोक पडलं, निभलं. पोरीच्या नावात पडलं त मोर कुठं काढशीन?"

काका गेल्यावर भाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंजिनिअर, मांगव तुह्या त्या बारीक आट्याचा स्क्रू."

सामान आलं. स्क्रू, त्याचा नट आणि मोटर सरकायला दोन नव्या पट्ट्या. जुनी लिफ्ट खोलली, नवी जोडली. यात एकच नाजूक गोष्ट असते. स्क्रू आणि पट्ट्या अगदी समांतर हव्यात, नाहीतर मोटर अर्ध्यावर जाऊन अडकते. मी बोल्ट सैल ठेवून हाताने स्क्रू फिरवत मोटर वर न्यायचो, वरचे बोल्ट आवळायचो, खाली आणायचो, खालचे आवळायचो. असं करत करत ती सुरळीत सरकू लागली. शेवटी स्क्रूला तेल द्यायचं होतं. मशीनचं तेल संपलेलं होतं.

"थांब," म्हणत भाईंनी खणातून डोक्याला लावायचं चमेलीचं तेल काढलं.

"भाई, हे नाही चालत."

"काहून? केस त याच्यापेक्षा बारीक असते."

मी तेच तेल स्क्रूला चोपडलं. त्या दिवशी आमचा नवाब खरोखर नवाबासारखा दरवळत होता. पुढे त्या तेलाला भुसा चिकटून स्क्रूला दाढी आली आणि मला सगळं पुसून काढावं लागलं, ते वेगळं.

मग चालू करून पाहिलं. मी सांगितलं वर जा, मोटर खाली गेली. एक तार उलटी लागली होती. ती सरळ केली. मग सांगितलं, दहा मिलिमीटर खाली जा. मोटर अडीच मिलिमीटर गेली आणि थांबली.

"नवाब बुढ्ढा झाला बे," भाई म्हणाले. "दाढी येन्याआधीच."

यात नवाबाचा दोष नव्हता. स्क्रू फिरवायला एक वेगळी लहान मोटर असते, ती मोजून पावलं टाकते. एका मिलिमीटरसाठी किती पावलं, हे मशीनला आपण सांगून ठेवलेलं असतं. जुना स्क्रू एका फेऱ्यात जेवढी मजल मारायचा, तेवढ्यासाठी नव्याला चार फेरे लागत होते. म्हणून पावलं चौपट करायची. मी तो आकडा बदलला आणि परत सांगितलं, दहा जा. गेली, दहा. वर्निअरच्या मापपट्टीने मोजलं, परत परत मोजलं. दरवेळी दहाच. मग मी मुद्दाम मेन बटण बंद केलं. पंखा थांबला. भाई सवयीने हात वर करून धावले आणि मोटर धरून उभे राहिले.

"भाई, सोडून पाहा. पडत नाही."

"पहिल्याच दिवशी कायले परीक्षा घ्याची?" असं म्हणून त्यांनी मी बटण परत चालू करेपर्यंत मोटर धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी काका पत्रिका घेऊन आले. अक्षत लावून भाईंना दिली, मलाही एक दिली. मला आजवर कुणी स्वतंत्र पत्रिका दिली नव्हती, घरी बाबांच्या नावाने येते. पत्रिका मखमली होती, चार घड्यांची आणि मधोमध फुगीर सोनेरी गणपती. काकांनी हौस केली होती.

वर्षाचा पाट मशीनवर चढवला. मी नेहमीची पातळ पत्रिका घ्यायला खण उघडला तर भाईंनी हात धरला.

"आज ते नाही. पोरीचा पाट हाय. तिच्याच लग्नाची पत्रिका ठेव. शगुन असते."

काकांचे डोळे भरून आले. अशा वेळी पत्रिकेची जाडी मोजू द्या म्हणायला माझी जीभ रेटली नाही. खरं सांगायचं तर जाडीचा विचार माझ्या डोक्यातही नीट आला नाही. मलाही ते फार छान वाटलं होतं. आम्ही पाटावर ती पत्रिका ठेवली. गणपतीच्या पोटाला पातं हलकेच टेकलं. काकांनी हात जोडले. मी शून्य घेतलं.

प्रोग्रॅममध्ये जाडी होती जुन्या, पातळ पत्रिकेची.

पाट कोरून झाला. मधे लाइट गेली नाही, भोक पडलं नाही. दोन्ही मोरांचे डोळे मशीननेच नेमके पाडले, त्याभोवती भाईंनी पटाशीने मोर काढले. मग पाट खाली उतरवला, घासला आणि प्रफुलच्या पाटाशेजारी ठेवला. आम्ही तिघं समोर उभे राहिलो. काहीतरी बिनसलं होतं. प्रफुलचं नाव ठसठशीत होतं. वर्षाचं नाव आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखं दिसत होतं.

काकांनी बोट फिरवून पाहिलं. मग खिशातून तंबाखूची पुडी काढली, वाकले आणि प्रफुलच्या पहिल्या अक्षरात तंबाखू भरू लागले.

"काका!" भाई ओरडले. "लग्नाच्या पाटावर तंबाखू?"

"थांब तू."

काकांनी अक्षर काठोकाठ भरलं आणि तळव्याने सपाट केलं. मग वर्षाच्या पहिल्या अक्षरात चिमूटभर टाकली. ते लगेच भरलं. उरलेली तंबाखू हातात घेऊन काका तसेच राहिले. पुडीत भरली नाही, तोंडातही टाकली नाही.

"जावयाच्या नावात मूठभर मावते," ते हळू म्हणाले. "अन् पोरीच्या नावात चिमूट. जमील, मी तुले काय सांगतलं होतं?"

मला आजवर खूप जण रागावले आहेत. काका रागावले नाहीत. त्यांनी फुंकर मारून दोन्ही नावं साफ केली, आणि वर्षाच्या नावावर मारलेली फुंकर जास्त वेळ चालली.

दोनच दिवसांनी हळद होती. दुसरी फळी नव्हती.

माझ्या लक्षात चूक यायला वेळ लागला नाही. गणपतीचं पोट मोजलं. जुन्या पत्रिकेपेक्षा ते जेवढं जाड भरलं, तेवढंच नाव उथळ होतं. आम्ही शून्य लाकडावर न घेता देवाच्या पोटावर घेतलं होतं. उपायही माहीत होता. पाट परत चढवायचा, शून्य बरोबर घ्यायचं, तेच नाव तेवढंच अजून खोल कोरायचं. पण पाट टेबलावरून उतरवला होता. तो परत तंतोतंत त्याच जागी बसला नाही तर जुन्या रेघेशेजारी नवी रेघ पडेल. वर्षाचं नाव दोनदा लिहिल्यासारखं होईल आणि मग कशानेच ते दुरुस्त होणार नाही.

"होईन का?" काकांनी विचारलं.

मी पाटाकडे बघत राहिलो. दोन्ही मोर माझ्याकडे बघत होते. आणि मग मला सुचलं.

"भाई, डोळे!"

"कायचे डोये?"

मोरांचे डोळे मशीनने पाडले होते. ते कुठे आहेत, हे मशीनला पक्कं माहीत होतं. मोटरच्या तोंडात त्याच जाडीची एक गुळगुळीत काडी लावायची, मशीनला डाव्या डोळ्यावर पाठवायचं आणि काडी खाली आणायची. ती डोळ्यात अलगद गेली पाहिजे. मग उजव्या डोळ्यावर. दोन्हीत काडी न अडकता गेली, की पाट जुन्याच जागी आहे.

एकदा डावा जमला, उजवा हुकला. पाट जरासा फिरवला, उजवा जमला, डावा हुकला. भाई बसून पाटाला बोटाने ढकलत होते. "जरासा इकडं... थोडा अजून... अबे, मोराले तिरळा करशीन का?" किती वेळ गेला, माहीत नाही. काका ओट्यावर बसून होते. तेवढ्यात स्कूटी थांबली आणि वर्षाताई आत आल्या. वडील घरी आले नाहीत म्हणून पाहायला आल्या होत्या. काकांनी त्यांना सगळं सांगितलं. ताईंनी पाट पाहिला आणि त्या म्हणाल्या, "बाबा, मी त्याच्यावर उभी राह्यनार हाय. खोली कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो," काका म्हणाले.

ताई ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

शेवटी काडी दोन्ही डोळ्यांत लोण्यात सुरी जावी तशी गेली. पाट पक्का आवळला. आता शून्य. भाईंचा हात खणाकडे जाताना पाहून मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. "पत्रिका नाही!" माझा पास संपला होता, म्हणून खिशात त्या दिवशीचं एसटीचं तिकीट होतं. मी त्याची जाडी वर्निअरने मोजली, तो आकडा भरला आणि तिकिटावर शून्य घेतलं.

"किन्हीराजा ते वाशीम," भाई तिकीट वाचून म्हणाले. "असा शगुन पहिल्यांदाच पाह्यला."

पातं 'व'मध्ये उतरलं. जुन्या रेघेच्या आत नवी रेघ बरोबर बसली. बारीक काळा भुसा उडू लागला. काका उठून जवळ आले. नाव अर्ध्यावर आलं.

पंखा थांबला.

भाई एका बाजूने धावले, मी दुसऱ्या बाजूने, काका समोरून. यावेळी कुणाच्या हातात वांगी नव्हती. तिघांचे सहाही हात एकाच वेळी मोटरला लागले. कुणाचा हात कुणाच्या हातावर, भाईंची दाढी माझ्या कानात, काकांचं कपाळ पुलाला टेकलेलं. मोटर गरगरत हळूहळू थांबली. आम्ही तसेच उभे राहिलो. फक्त श्वास ऐकू येत होते, आणि चमेलीचा वास येत होता.

"किती वेळ धरनार?" ताईंनी विचारलं.

"लाइट येईपर्यंत," भाई म्हणाले.

"पन नवा स्क्रू बसवला ना तुमी?"

"बसवला."

"मंग पडते का ते?"

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहू लागलो. पडत नाही, हे मला पाठ होतं. तरी माझे हात निघत नव्हते. ताई पुढे आल्या आणि माझं एक एक बोट मोटरवरून काढलं. मी सुटलो. मग भाईंनी स्वतःच हात काढले, पण खाली झेलायला तयार ठेवले. काका राहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"बाबा," ताई म्हणाल्या, "हात खाली घ्या. नाही पडत ते."

काकांनी हात काढले. मोटर होती तिथेच राहिली. पातं 'र्षा'च्या वर, केसभरही न हलता. भाईंनी खाली वाकून पाहिलं, बाजूने पाहिलं, मोटरला वरून एक चापट मारली. ढिम्म.

"माशाल्ला," ते म्हणाले. "नवाब उभा राहायले शिकला."

लाइट आल्यावर आम्ही परत डोळ्यांत काडी घालून जागा तपासली आणि नाव पूर्ण केलं. काकांनी तंबाखूची पुडी काढली. भाईंनी ती हिसकावून घेतली आणि लाकडाचा भुसा पुढे केला. प्रफुलच्या 'प्र'मध्ये भुसा भरला, तेवढाच वर्षाच्या 'व'मध्ये मावला. काकांनी दोन्ही पाट रिकाम्या पोत्यात गुंडाळले आणि लेकरू उचलावं तसे उचलले.

तेव्हापासून दुकानात लाइट गेली तर कुणी धावत नाही. गिऱ्हाईक मान वर करून पंख्याकडे बघतं आणि निघून जातं. हवालदार साहेब परवा येऊन गेले, लाइट गेली, ते अर्धे उठले आणि मी म्हटलं, साहेब, आता गरज नाही. ते हिरमुसले. चहा न घेता गेले. सुधारणा चांगली झाली, यात शंका नाही. पण दुकान जरा शांत झालं.

लग्नाला मी आणि भाई गेलो. दुपारचं लग्न, हॉल गच्च. नवरदेव-नवरी पाटावर उभे राहिले आणि दोघांचीही नावं त्यांच्या पायाखाली दिसेनाशी झाली. बाहेर राहिले फक्त चार मोर, डोळे वटारून.

"इतकं खोदलं," भाई माझ्या कानात म्हणाले, "अन् वरून उभे राह्यले."

मंगलाष्टकं सुरू झाली. लाउडस्पीकरवर गुरुजींचा आवाज चढला, आणि मधेच पंखे थांबले, आवाज गेला. मी विचार केला नाही. माझे हात वर गेले. शेजारी भाईंचे गेले. आणि तिकडे, लेकीच्या पाठीशी उभ्या असलेल्या काकांचे दोन्ही हात तिच्या डोक्यावर वर गेले. नवरीच्या बापाने हात वर केले म्हणजे मुहूर्त झाला, असं लोकांना वाटलं. चारी बाजूंनी अक्षता पडू लागल्या. बाहेर बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. गुरुजी ओरडत होते, "अहो, अजून व्हायचंय, अजून व्हायचंय," पण त्यांचं ऐकतो कोण.

लाइट आली. आम्ही दोघांनी लाजून हात खाली घेतले. सगळा हॉल हसत होता. काकांचे हात मात्र अजून वरच होते, डोळे मिटलेले, अंगावर अक्षता.

वर्षाताईंनी मान वळवून वर पाहिलं.

"बाबा," त्या म्हणाल्या, "हात खाली घ्या."

काकांनी डोळे उघडले. हात खाली आणता आणता ते मुलीच्या डोक्यावर टेकले, आणि गुरुजींनी उरलेलं सगळं म्हणून होईपर्यंत तिथेच राहिले.